झीना जखमींमध्ये

'झीना : वॉरियर प्रिन्सेस' म्हटलं की आठवते तिची ती लांबलचक आरोळी, हवेतली कोलांटी आणि चार ठिकाणी आपटून पुन्हा तिच्याच हातात येणारं धारदार चक्र. मालिका १९९५ ते २००१ चालली. गोष्ट पुराणकाळातल्या ग्रीसची, चित्रीकरण न्यूझीलंडमधलं आणि झीना झालेली ल्युसी लॉलेसही तिथलीच. एकूण १३४ भाग झाले. त्यांतला एकच पाहायचा तर कोणता, असं कुणी विचारलं तर मी पहिल्या पर्वाचा शेवटचा, चोविसावा सांगते : 'इज देअर अ डॉक्टर इन द हाउस?'. १९९६ मधला हा भाग पॅट्रिशिया मॅनीनं लिहिला आणि टी. जे. स्कॉट यांनी दिग्दर्शित केला. मारामारी त्यात नावापुरती आहे. बाकी सगळा वेळ झीना जखमींमध्ये वावरते.

थेसलीत यादवी पेटली आहे. रानातून जाताना झीना आणि गॅब्रिएलला त्यांची ओळखीची अ‍ॅमेझॉन योद्धी इफिनी भेटते. तिचे दिवस भरलेले, आणि नवरा मारला गेलेला. हा नवरा सेंटॉर होता, म्हणजे कमरेपर्यंत माणूस आणि खाली घोडा. आसऱ्यासाठी सगळे एका देवळात शिरतात. देऊळ आरोग्यदेव अ‍ॅस्क्लेपियसचं, पण आता ते जखमींनी खचाखच भरलं आहे. तिथला मुख्य वैद्य गेलन सगळा भार देवावर टाकून मोकळा होतो. त्याच्या हाताखालचा तरुण हिप्पोक्रेटिस मात्र डोळे उघडे ठेवून आहे. खऱ्या इतिहासात कॉस बेटावरचा हिप्पोक्रेटिस इसवीसनापूर्वी पाचव्या शतकातला, तर पर्गामममधला गेलन थेट इसवीसनाच्या दुसऱ्या शतकातला. मालिकेनं दोघांना एका छपराखाली आणलं, वर गेलनला जुन्या मताचा ठरवलं. खऱ्या गेलनवर हा अन्याय आहे. प्राण्यांचं विच्छेदन करून शरीर समजून घ्यायला धडपडलेला तो माणूस. तरी हा घोटाळा मी माफ करते, कारण त्यामुळे खरा झगडा समोर येतो : हात जोडून वाट पाहायची, की हात घालायचा?

झीना हात घालते. अगदी कोपरापर्यंत. श्वास कोंडलेल्याचा गळा छेदून वाट करून देते, सडू लागलेला पाय कापते, आधी कुणाकडे जायचं ते ठरवते आणि ठरलं की मागे वळून पाहत नाही. हे ज्ञान तिला कुठून आलं, हा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो. मालिका सुरू होण्याआधीची झीना गावंच्या गावं लुटणारी सरदारीण होती. कुठे वार केला की रक्त थांबत नाही, हे तिला ठाऊक होतं. म्हणूनच ते कुठे दाबलं की थांबतं, हेही ठाऊक आहे. पश्चात्तापावरची भाषणं या मालिकेत पुष्कळ आहेत. या भागात तिला भाषण करायला उसंतच मिळत नाही, आणि तिचा पश्चात्ताप मला सगळ्यांत खरा वाटतो तो इथेच.

इफिनीचं बाळ नेहमीच्या वाटेनं येईना, तेव्हा झीना पोट फाडून त्याला बाहेर काढते. बाळ बापासारखंच, चार खुरांचं. त्याचं नाव ठेवतात झीनन. हिप्पोक्रेटिस हे सगळं पाहून घेतो. पुढे वैद्यकाचा जनक म्हणून जग ज्याला ओळखणार, तो एका बाईकडून शिकतो ही अर्थातच कल्पना आहे. पण बाळंतपणाची विद्या शतकानुशतकं ज्या सुईणींच्या हातात होती, त्यांची नावं कुठल्या ग्रंथात आहेत? म्हणून ही कल्पना मला निव्वळ करमणूक वाटत नाही.

आणि मग गॅब्रिएल. रेनी ओ'कॉनरनं रंगवलेली ही शेतकऱ्याची पोर, झीनाची सखी, स्वतःच घायाळ होऊन येते. झटके येतात. श्वास थांबतो. ती गेली हे आजूबाजूच्या सगळ्यांना कळतं. दिवसभर कुणाला वाचवता येईल आणि कुणाला नाही याचा निवाडा थंड डोक्यानं करणारी झीना स्वतःचाच नियम मोडते. ती गॅब्रिएलच्या तोंडात श्वास भरते, छातीवर बुक्क्या मारते, ओरडते, रागावते, पुन्हा मारते. लॉलेसचा चेहरा त्या मिनिटांत ओळखू येत नाही. मरणाशी असं भांडणारं माणूस मी पडद्यावर क्वचितच पाहिलं आहे. बाकीचे तिला थांबवू पाहतात, कारण त्यांच्या लेखी हे प्रेताची विटंबना करणं आहे. छाती दाबून थांबलेलं हृदय चालवता येतं, हे अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्सच्या कौवेनहोवेन, ज्यूड आणि निकरबॉकर यांनी प्रसिद्ध केलं १९६० मध्ये. झीनाच्या जगात त्याला वेडच म्हणणार.

गॅब्रिएल खोकते आणि डोळे उघडते. (पाहणाऱ्यांसाठी सांगून ठेवते, बुक्क्या मारायच्या नसतात. तळहाताचा मनगटाजवळचा भाग छातीच्या मधोमध ठेवून, कोपर सरळ करून, मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा दाबायचं असतं. आपल्याकडेही याचे वर्ग होतात. प्रत्येक घरातल्या एकानं तरी ते करावेत असं मला मनापासून वाटतं.)

पराक्रमी बाईची गोष्ट सांगताना आपण तिला घोड्यावर बसवतो, हाती तलवार देतो आणि तिथेच थांबतो. रात्रपाळीला वॉर्डात पन्नास खाटा सांभाळणारी परिचारिका त्या चित्रात कधी मावत नाही. तिच्या वाट्याला येतात ती सेवाभावाची मऊ विशेषणं. हा भाग दोन्ही बायका एकाच देहात उभ्या करतो. रक्तानं माखलेली, चिडलेली, हुकूम सोडणारी झीना जखमा शिवते, तेव्हा ती जराही मऊ होत नाही. शुश्रूषेला लागणारं धैर्य इतक्या उघडपणे, इतक्या लोकप्रिय मालिकेत दाखवलेलं मला तरी दुसरं आठवत नाही.

खटकतं ते एकच. झीनाबरोबर त्या देवळात आलेला सेनापती मार्मॅक्स समोरचे हाल पाहतो आणि लढाई थांबवायला तयार होतो. हे फार लवकर घडतं. त्याच्या मनातली उलथापालथ दाखवायला आणखी दहा मिनिटं हवी होती, आणि ती सुरुवातीच्या रानातल्या चकमकीतून सहज काढता आली असती.