खारे पाणी आणि तुटपुंजी मदत

२५ मे २००९ रोजी ‘आयला’ चक्रीवादळाने सुंदरबनातील मातीचे बांध फोडले. शेतात शिरलेल्या खाऱ्या पाण्याने पुढील हंगामांचेही भातपीक गिळले. तरुण मजुरीसाठी परराज्यांत गेले. २०२० साली ‘अम्फान’ने व २०२१ साली ‘यास’ने तेच घडविले. अशा वेळी एकरकमी अनुदान वाटून सरकारे मोकळी होतात. परंतु खारावलेली जमीन एका हंगामात सुधारत नाही. शिवाय, १९७८ पासून बर्गादारांच्या नोंदी झालेल्या त्या राज्यातही नोंदीबाहेरचा कसणारा वंचितच राहतो. म्हणून पक्के बांध, खाऱ्या जमिनीत तगणारे बियाणे, कर्जमाफी, जमीन सुधारेपर्यंत गावातच रोजगार आणि कसणाऱ्याच्याच हाती भरपाई, या मागण्यांसाठी किसान चळवळीने झुंजले पाहिजे. वादळ थोपविता येत नाही. त्यानंतर शेतकऱ्याचे देशोधडीला लागणे मात्र थोपविता येते.