मनूचं कॉलेज आणि दाजींची बाग

परवा रात्री साडेदहाला तासगावहून दाजींचा फोन. एवढ्या उशिरा म्हणजे पोटात धस्सच झालं, पण बातमी चांगली होती. आमच्या भाचीला, मनूला, कॅपच्या दुसऱ्या फेरीत सांगलीच्या वालचंदला कॉम्प्युटर सायन्स मिळालं. मी पेढे मागणार तेवढ्यात दाजी म्हणाले, "पण आम्ही पुण्याचं बघतोय. शनिवारपर्यंत पैसे भरले तर सीट राहील म्हणतात."

पुण्याचं म्हणजे एक खाजगी विद्यापीठ. चकाचक इमारत, पदवीच्या नावात एआय, चार वर्षांचे पंधरा-सोळा लाख, राहणं-जेवण वेगळं. आणि पैसे? द्राक्षबागेवर कर्ज काढून.

फोनवर मी नुसतं हो-हो केलं. (दाजींपुढे माझं तोंड कधीच उघडत नाही, हे घरच्यांना ठाऊक आहे.) म्हणून इथे लिहितोय. ताई वाचतेच, ती त्यांना वाचून दाखवेल.

आधी पैशाचं. जुलै २०२४ मध्ये राज्य सरकारने निर्णय काढला : ओबीसी, ईडब्ल्यूएस आणि एसईबीसी घरांतल्या, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ. अट एवढीच की प्रवेश सरकारी केंद्रीय प्रक्रियेतून हवा. खाजगी विद्यापीठं त्यातून वगळलेली आहेत. मनू या सगळ्यात बसते. म्हणजे एकीकडे फी जवळजवळ शून्य, दुसरीकडे बाग गहाण!

आता ते एआय. मी वीस वर्षं प्रोग्रॅमिंगवर पोट भरतोय, अधूनमधून मुलाखतीही घेतो. एआयचा प्रकल्प केलेला मुलगा समोर बसतो, रंगीत आलेख दाखवतो. मी विचारतो, दोन प्रोग्रॅम एकाच फाइलमध्ये एकाच वेळी लिहायला गेले तर काय होईल? पुष्कळदा शांतता. डेटा स्ट्रक्चर्स, ऑपरेटिंग सिस्टीम, नेटवर्क, डेटाबेस, थोडं गणित. हे पक्कं असलं की एआय नंतर शिकता येतं. उलटं होताना मी फारसं पाहिलं नाही.

व्याख्यानांचं म्हणाल तर आयआयटीच्या प्राध्यापकांची एनपीटेलवर फुकट आहेत, तासगावात बसूनही दिसतात. जे फुकट मिळत नाही ते म्हणजे शेजारच्या बाकावरची मुलं. रात्री दोनला प्रोग्रॅम का चालत नाही म्हणून डोकं खाजवणारी. वालचंद १९४७ पासूनचं अनुदानित कॉलेज, तिथे कॉम्प्युटरला सीईटीत वरचे गुण लागतात. म्हणजे तशी मुलं भेटायची शक्यता बरीच.

आणि दाजी, त्या माहितीपत्रकावरचा 'सर्वोच्च पॅकेज' हा आकडा एका मुलाचा असतो. एनआयआरएफला कॉलेजं जी माहिती देतात त्यात मधला पगार असतो, किती जणांना नोकरी लागली तेही असतं. दोन्हीकडची ती पानं काढून शेजारी ठेवा. कॉलेजने ती दिलीच नसली तर तेही लक्षात घ्या.

पुण्यात कंपन्या जास्त, सुट्टीत इंटर्नशिप मिळायला सोपं, हे मात्र खरं. ते मी नाकारत नाही.

इथपर्यंत लिहून काल मनूलाच फोन केला. माझं सगळं व्याख्यान तिने ऐकून घेतलं, मग हळूच म्हणाली, "मामा, मला एआयचं काही नाही. सांगली घेतली तर आई रोज एसटीने घरी यायला लावेल."

घ्या! पंधरा लाखांचा प्रश्न एसटीच्या पासपाशी येऊन थांबला.

ताई, तिला वसतिगृहात राहू दे. शनिवारी सकाळी मी तासगावला येतोय. तोवर कुणाला पैसे भरू नका.