दवंडी कोणाच्या हातात?



खाण येते तेव्हा तिच्याबरोबर गोड शब्दही येतात. सध्याचा शब्द आहे ‘जबाबदार खाणकाम’. त्याला जोडून कुठे कुठे असंही ऐकू येतं की गावासाठी रेडिओ काढू, लोकांना माहिती देऊ. रेडिओला आपला विरोध नाही. आपल्याला तो पाहिजेच. पण त्यावर बोलणार कोण आणि काय, हे आधी ठरलं पाहिजे.

खाणीच्या जनसुनावणीचा नियम २००६ चा आहे. सुनावणीची नोटीस निदान ३० दिवस आधी वर्तमानपत्रात द्यायची. आता आपल्या किती गावांत वर्तमानपत्र येतं? नियम करणाऱ्यांनाही हे ठाऊक होतं. म्हणून त्यांनीच पुढे लिहिलं आहे की जिथे वर्तमानपत्र पोचत नाही तिथे दवंडी पिटा, रेडिओवरून सांगा. म्हणजे रेडिओवरून कळवा ही मागणी काही मेहेरबानीची नाही, ती नियमातच आहे. त्याच नियमात आणखी एक गोष्ट आहे, ती नीट ध्यानात ठेवा: सुनावणीला किती माणसं पाहिजेत याची काही अट नाही. कोणी गेलंच नाही तरी कागदावर सुनावणी झालेली असते.

अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत द्यायचा असतो. साहेबाच्या लेखी स्थानिक भाषा म्हणजे मराठी, तीही सरकारी. एटापल्ली, भामरागडकडच्या आपल्या आयाबाया माडिया बोलतात, गोंडी बोलतात. नाला वळवणार, डोंगर फोडणार, देवाची जागा जाणार, हे त्यांना त्यांच्या बोलीत कोणी सांगितलं नाही, तर मग संमती घेतली कोणाची?

रेडिओचं काम इथे आहे. सुनावणीची तारीख आणि जागा रोज सांगायची. सारांश थोडा थोडा करून बोलीत वाचायचा. खाण चालू असेल तर स्फोट किती वाजता होणार, गाड्या कोणत्या रस्त्याने जाणार, नाल्याचं पाणी तपासलं त्यात काय निघालं, हे सांगायचं. पर्यावरणाच्या अटी पाळल्या की नाही याचा अहवाल कंपनीने दर वर्षी १ जून आणि १ डिसेंबरला द्यायचा असतो. तो जाहीर कागद आहे, तो वाचून दाखवायचा. २०१५ पासून खाणीच्या जिल्ह्यात खनिज प्रतिष्ठानचा निधी जमा होतो. पाचव्या अनुसूचीच्या भागात त्यातल्या कामांना ग्रामसभेची मंजुरी लागते. किती पैसा आला आणि कुठे गेला, हे गावाच्या कानावर पडलं पाहिजे. जबाबदारी म्हणतात ती अशी मोजायची, पत्रकावरून नाही.

आता रेडिओ मिळतो कसा ते बघू. ध्वनिलहरी ही जनतेची मालमत्ता आहे, असं सुप्रीम कोर्टाने १९९५ मध्येच म्हटलं. २००६ पासून सामाजिक संस्थांना सामुदायिक रेडिओचा परवाना मिळू शकतो. एकट्या माणसाला, राजकीय पक्षाला किंवा नफा कमावणाऱ्या कंपनीला तो मिळत नाही. पण कंपनीच्या पैशावर चालणारी संस्था पुढच्या दाराने येऊ शकते, आणि जाहिरातीला तर परवानगी आहेच. ज्याचा पैसा त्याचा आवाज. म्हणून कार्यक्रम ठरवणारी समिती ग्रामसभांनी निवडलेली पाहिजे आणि तिच्यात निम्म्या बाया पाहिजेत. या रेडिओवर बातम्या आणि राजकीय कार्यक्रम चालत नाहीत. पण सरकारी कागद वाचणं, ग्रामसभेची तारीख सांगणं, कायदा समजावणं याला राजकारण म्हणता येणार नाही, असं आमचं म्हणणं आहे.

हे आपल्याला जमेल का? तेलंगणातल्या माचनूर गावात दलित शेतकरी बाया २००८ पासून स्वतःचं रेडिओ केंद्र चालवतात. शेजारच्या छत्तीसगडात २०१० मध्ये साध्या मोबाईलवर अशी सोय झाली की माणूस फोन लावून आपल्या गावचं गाऱ्हाणं गोंडीतही नोंदवू शकेल आणि दुसऱ्याचं ऐकू शकेल. तिथे ना मनोरा लागला, ना गावाला परवाना.

पण एक गोष्ट कोणी विसरू नये. चांगली माहिती मिळाली म्हणजे खाणीला होकार दिला असं होत नाही. ओडिशात नियमगिरीच्या डोंगरावर २०१३ मध्ये १२ ग्रामसभा बसल्या. लोकांनी सगळं ऐकलं, समजून घेतलं आणि बाराही गावांनी नाही म्हटलं. ते ‘नाही’ टिकलं. जो रेडिओ गावाचं ‘नाही’ ऐकवत नाही तो आपला रेडिओ नाही, तो कंपनीचा भोंगा आहे.

रेडिओ येईल तेव्हा येईल. तोवर येत्या ग्रामसभेत तीन ठराव घ्या. एक, खाणीबाबतची प्रत्येक नोटीस दवंडीने आणि बोलीत कळवावी. दोन, १ जून आणि १ डिसेंबरचे अहवाल लेखी मागावेत. तीन, गावातल्या दोन शिकलेल्या पोरापोरींनी, त्यात एक पोरगी, ते कागद गोटुलात मोठ्याने वाचून दाखवावेत. ठरावाची नक्कल तहसीलला द्या आणि पोच घ्यायला विसरू नका. एक नक्कल आमच्याकडे पाठवा, पुढच्या अंकात छापू.