वादळापूर्वीच्या मदतीत धरसोड नको

चक्रीवादळात घर मोडते ते बहुधा छपरापासून. २४ ऑगस्ट १९९२ रोजी ‘अँड्र्यू’ दक्षिण फ्लोरिडावर आदळले, तेव्हा वसाहतीच्या वसाहती उद्ध्वस्त झाल्या. नंतरच्या पाहणीत आढळले की अनेक छपरांचे प्लायवूड नीट ठोकलेलेच नव्हते. कुठे खिळे वाशाला चुकून बाजूने गेले होते, कुठे खिळ्यांऐवजी नुसत्या पिना मारल्या होत्या. वाऱ्याने प्लायवूड उचलले, पाऊस आत शिरला आणि भिंती उभ्या असूनही घर राहण्याजोगे उरले नाही. पुढे बांधकामाचे नियम कडक झाले, २००२पासून ते राज्यभर लागू झाले. पण ते नव्या घरांना. जुन्या घरांसाठी २००६मध्ये ‘माय सेफ फ्लोरिडा होम’ ही योजना आली. आज तिच्यात घराची तपासणी मोफत होते आणि मजबुतीकरणासाठी मालकाच्या एका डॉलरमागे सरकार दोन डॉलर देते, कमाल १०,००० डॉलर.

योजना चांगली, पण तिची आबाळ झाली. सुरुवातीचे २५ कोटी डॉलर संपल्यावर ती २००९नंतर थंडावली. २०१७चे ‘अर्मा’ आणि २०१८चे ‘मायकल’ येऊन गेले तरी ती बंदच होती. विम्याचे हप्ते आवाक्याबाहेर गेले तेव्हा कुठे २०२२मध्ये १५ कोटी डॉलर देऊन ती पुन्हा सुरू झाली. ही तहान लागल्यावर विहीर खणण्याची रीत झाली. छपरे बदलायला कुशल कारागीर लागतात, आणि पुढच्या वर्षी काम मिळेल याची शाश्वती नसेल तर ते तयार होत नाहीत.

खासगी घरांवर जनतेचा पैसा का, हा आक्षेप रास्त आहे. पण ‘सिटिझन्स’ या सरकारपुरस्कृत विमा कंपनीला तूट आली तर तिची वसुली इतर विमाधारकांकडूनही होऊ शकते. म्हणजे शेजाऱ्याच्या कच्च्या छपराचा भुर्दंड सगळ्यांनाच. श्रीमंतांचेच फावेल, ही भीती २०२४मध्ये उत्पन्न आणि वयानुसार प्राधान्य ठरवल्याने बरीच कमी झाली. समुद्राचे पाणी घरात घुसले तर मजबूत छप्पर कामाचे नाही, हे मात्र मान्यच करावे लागेल. तरीही शेजारच्या अलाबामात २०२०च्या ‘सॅली’नंतर मजबूत छपरांच्या घरांचे विमा दावे इतरांपेक्षा निम्म्याहून कमी आले. तिथे अनुदानाचा पैसा विमा व्यवसायाकडून घेतलेल्या शुल्कातून येतो. फ्लोरिडाच्या विधिमंडळाने असाच कायमचा स्रोत ठरवून या योजनेला मुदतवाढ द्यावी.