हॉस्टेलमध्ये ठेवलेलं लेकरू रात्री कुणाला हाक मारतं?

रमजान ईद झाली की आपल्या मोहल्ल्यांत एक दृश्य दरवर्षी दिसतं. शव्वालमध्ये मदरशांचे दाखले सुरू होतात आणि सात-आठ वर्षांचं पोर पेटी, दोन-तीन जोडी कुर्ता-पायजमा आणि आईने बांधून दिलेला खाऊ घेऊन एस.टी.त नाहीतर रेल्वेत बसतं. जूनमध्ये निवासी शाळांच्या दारातही हेच चित्र असतं. अम्मी डोळे पुसते, अब्बा म्हणतात, "रडू नको, चार दिवसांत रमशील." बरीच मुलं रमतातही. पण त्या चार दिवसांत आणि पुढच्या चार वर्षांत त्या लेकराची काळजी नेमकी कोण घेतं, हे आपण क्वचितच विचारतो.

भुसावळ-मनमाडचा धडा

३० मे २०२३ चा प्रसंग आठवा. दानापूर-पुणे एक्सप्रेसमधून बिहारची ५९ मुलं महाराष्ट्रातल्या मदरशांत शिकायला येत होती. भुसावळ आणि मनमाड स्टेशनवर त्यांना गाडीतून उतरवण्यात आलं. ही बालतस्करी आहे, असा संशय घेतला गेला. सोबतच्या पाच जणांना अटक झाली आणि त्यांना काही आठवडे तुरुंगात काढावे लागले. मुलांना बालगृहात ठेवलं गेलं. पुढे २०२४ मध्ये रेल्वे पोलिसांनी तपास बंद केला, कारण तस्करी झालीच नव्हती. हा गैरसमजातून झालेला गुन्हा होता, असं निघालं.

समाजाला राग आला आणि तो रास्तच होता. सुट्टीनंतर शाळेला निघालेली दुसरी कुठली मुलं असती, तर त्यांच्यावर असा संशय आला असता का? बातमी पहिल्या पानावर आली, निर्दोष असल्याची बातमी मात्र किती जणांनी वाचली? हे प्रश्न विचारलेच पाहिजेत.

पण त्याच घटनेत आपल्यासाठीही काही होतं. लहान मुलांचा मोठा गट घेऊन दीड हजार किलोमीटरहून लांबचा प्रवास करायचा, तर प्रत्येक मुलाच्या आई-वडिलांचं लेखी संमतीपत्र, आधार कार्डाची प्रत, संस्थेचं पत्र, सोबत येणाऱ्याचं ओळखपत्र आणि घरचे चालू फोन नंबर जवळ असायलाच हवेत. पोलिसांच्या भीतीपुरता हा विषय नाही. उद्या प्रवासात एखादं पोर तापाने फणफणलं किंवा गर्दीत चुकलं, तर हेच कागद त्याला घरी पोहोचवतील.

दिवसाचा उस्ताद, रात्रीचाही तोच

गरीब घरातलं मूल लांबच्या मदरशात का येतं? तिथे शिक्षण, जेवण आणि राहणं मोफत असतं. गावात शाळा धड चालत नाही, बाप मजुरीला परगावी असतो, आणि एक मूल हाफिज व्हावं ही घरची इच्छा असते. लोकांच्या चंद्यावर, जकातीवर चालणाऱ्या या संस्थांनी लाखो मुलांना अक्षर आणि अन्न दिलं आहे. हे ऋण नाकारता येत नाही.

अडचण आहे ती व्यवस्थेत. बऱ्याच छोट्या मदरशांत दिवसा सबक ऐकणारा उस्तादच रात्री मुलांवर लक्ष ठेवतो. फजरच्या आधी उठवणारा तोच, आजारी पडल्यावर दवाखान्यात नेणारा तोच, आणि शिक्षा करणाराही तोच. तुटपुंज्या पगारात तो माणूस चोवीस तास ड्यूटीवर असतो. सकाळी सबक आठवला नाही म्हणून ज्याची बोलणी खाल्ली, त्यालाच "रात्री अंथरूण ओलं झालं" किंवा "मोठी मुलं मला मारतात" असं आठ वर्षांचं पोर कसं सांगणार? ते गप्प बसतं. गप्प बसलेल्या मुलाला आपण "शहाणं झालं" म्हणतो.

हा दोष फक्त मदरशांचा नाही. सरकारी आणि अनुदानित आश्रमशाळांत अधीक्षकाचं पद कागदावर असतं, तरीही २०१६ मध्ये खामगाव तालुक्यातल्या आश्रमशाळेत आदिवासी मुलींवरच्या अत्याचाराने सगळा महाराष्ट्र हादरला. भरपूर फी घेणाऱ्या निवासी शाळांतूनही रॅगिंगच्या तक्रारी येतात. म्हणजे पद असणं वेगळं आणि मुलाला भरवशाचा माणूस मिळणं वेगळं. म्हणूनच शिकवणारा आणि सांभाळणारा ही दोन माणसं वेगळी असावीत. लहान मुलांच्या विभागात तर पोक्त, प्रेमळ बाई असेल तर फारच चांगलं. ज्या मशिदीच्या फरशीसाठी आपण लाखोंचा चंदा देतो, त्याच मोहल्ल्यातल्या मदरशात एका केअरटेकरचा पगार निघत नाही, असं होता कामा नये.

दीन काय शिकवतो?

काही पालक अजूनही उस्तादला सांगतात, "हाड आमचं, चामडी तुमची." हे वाक्य आपल्या दीनने शिकवलेलं नाही. हजरत अनस (रजि.) लहान वयातच प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या सेवेत आले. दहा वर्षांत प्रेषितांनी (स.) आपल्याला कधी 'उफ्' सुद्धा म्हटलं नाही, अशी साक्ष त्यांनी दिली आहे. मुलं दहा वर्षांची झाली की त्यांची अंथरुणं वेगळी करावीत, ही शिकवणही आपल्याला ठाऊक आहे. मग एकाच सतरंजीवर दाटीवाटीने मुलं झोपवणं आपल्याला कसं चालतं? त्यातून खरूज पसरते, आणि त्याहून वाईट गोष्टींनाही वाव मिळतो.

चौदाव्या शतकात इब्न खल्दून यांनी आपल्या 'मुकद्दिमा'त मुलांना कठोरपणे शिकवण्याचे तोटे सांगून ठेवले. मार खाणारं मूल खोटं बोलायला शिकतं, मनात एक आणि बाहेर एक असं वागू लागतं, असं त्यांचं निरीक्षण होतं. आज मानसशास्त्रज्ञ वेगळं काय सांगतात?

कायदा माहीत असू द्या

शिक्षण हक्क कायद्याने शाळेत मारहाणीला बंदी आहे. २०१२ च्या दुरुस्तीने मदरसे आणि वैदिक पाठशाळा त्या कायद्यातून वगळल्या गेल्या. म्हणून काही जणांना वाटतं, की तिथे कायदाच नाही. हा मोठा गैरसमज आहे. बाल न्याय कायदा, २०१५ नुसार ताब्यातल्या मुलाशी क्रूरपणे वागणं हा गुन्हा आहे. पॉक्सो कायदा, २०१२ तर सगळीकडे लागू आहे. लैंगिक अत्याचाराची माहिती असून ती पोलिसांपासून लपवणं हाही त्यात गुन्हा ठरतो. "संस्थेची बदनामी होईल" म्हणून प्रकरण आपसात मिटवणारे लोक मुलावर दुसऱ्यांदा जुलूम करतात. संस्थेची इज्जत ती लपवाछपवीने जाते. मदतीसाठी १०९८ हा मोफत नंबर घरात प्रत्येकाला पाठ असावा.

दाखला घेण्याआधी हे विचारा

नाजिम साहेबांना किंवा मुख्याध्यापकांना अदबीने, पण स्पष्ट विचारा:

- रात्री मुलांजवळ कोण झोपतं? मूल रडलं, आजारी पडलं तर कुणाला उठवतं?
- लहान आणि मोठी मुलं वेगळ्या खोल्यांत झोपतात का? प्रत्येकाला स्वतःचं अंथरूण आहे का?
- घरी फोन आठवड्यातून किती वेळा, आणि बोलताना शेजारी कुणी उभं असतं का?
- मूल किती तास झोपतं? खेळायला मैदान आणि वेळ आहे का?
- मारहाणीबद्दल संस्थेचा नियम काय? तक्रार उस्तादशिवाय आणखी कुणाकडे करता येते?
- हिफ्जसोबत शाळेचं शिक्षण आणि परीक्षा यांचं काय?

चांगली संस्था या प्रश्नांनी रागावत नाही. उलट तिचे नाजिम तुम्हाला झोपायच्या खोल्या, स्वयंपाकघर आणि संडास-बाथरूमही दाखवतील. जिथे आत जाऊ देत नाहीत, तिथे मूल ठेवू नका.

आणि दाखला झाल्यावर आपली जबाबदारी संपत नाही. पहिल्या महिन्यात एकदा तरी न कळवता भेटायला जा. फोनवर "सबक किती झाला?" हे नंतर विचारा, आधी "जेवलास का? झोप लागते का? मित्र झाले का?" हे विचारा. सुट्टीत घरी आलेलं मूल परत जायला सारखं नकार देत असेल, अचानक गप्प झालं असेल किंवा पुन्हा अंथरूण ओलं करू लागलं असेल, तर त्याला नाटकी म्हणू नका. जवळ बसवून ऐका.

बाहेरून संशय घेणाऱ्यांना उत्तर द्यायचं, तर आपले दारुल-इकामे इतके स्वच्छ, मोकळे आणि मायाळू करावे लागतील, की कुणीही केव्हाही यावं आणि पाहावं. आपल्या प्रेषितांनी (स.) वयाच्या सहाव्या वर्षी आई गमावली होती. आईविना रात्र काढणाऱ्या लेकराचं दुःख या उम्मतला कळणार नाही, तर कुणाला कळणार?