जुन्या कोडाला शुद्धलेखनाचा नियम

रहाटणीहून रोज हिंजवडी गाठणाऱ्या आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या गळ्यात एखादा म्हातारा जावा प्रोजेक्ट असतोच. २०१४ साली जावा ८ मध्ये लॅम्डा आले, २०२१ साली जावा १६ मध्ये रेकॉर्ड. आणि टीममध्ये वाद सुरू: सगळा कोड बदलायचा, की चालतंय तर हात लावायचा नाही?

मंडळी, मराठीने हा प्रश्न केव्हाच सोडवलाय! साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या नियमांनी न उच्चारले जाणारे अनुस्वार काढले. १९७२ मध्ये नियम अठरा झाले. त्यातला एक भारी आहे: चिपळूणकरांपूर्वीच्या गद्याचे आणि केशवसुतांपूर्वीच्या पद्याचे उतारे मूळ होते तसेच छापायचे, त्या दोघांपासून पुढचं सगळं नव्या नियमांनी.

म्हणजे चक्क रेघ आखली. आपणही तेच करावं. टेस्ट नसलेलं, वर्षानुवर्षं न उघडलेलं मोड्यूल तसंच राहू द्या. नुसत्या लॅम्डाच्या हौसेपायी ते उघडलं, तर घुसलेला बग पकडणार कोण? रेघेच्या अलीकडचं मात्र पूर्ण बदला. एकाच फाइलमध्ये धोतर आणि जीन्स दोन्ही असली की नवा माणूस गोंधळतोच.

रेघ कुठे ओढायची यावर खुशाल भांडा. पण ओढा.