डोस वाढवण्याआधी टोचायची जागा तपासा

इन्सुलिन घेणाऱ्या मधुमेहींची साखर आटोक्यात येईना की आपल्याकडे दोनच गोष्टींवर बोट ठेवले जाते: रुग्णाने पथ्य मोडले, नाहीतर डोस कमी पडला. सुई जिथे टोचली जाते ती जागा मात्र क्वचितच कुणी पाहते. टोचलेले इन्सुलिन लगेच रक्तात जात नाही, आधी ते त्वचेखालच्या चरबीत साठते. साध्या इन्सुलिनचे सहा-सहा रेणू जस्ताच्या आधाराने एकत्र बांधलेले असतात. हे पुंजके केशवाहिन्यांच्या भिंतीतून सहज जात नाहीत. भोवतालच्या द्रवात पातळ होऊन रेणू सुटे झाले की मगच रक्तात वेगाने शिरतात. साधे इन्सुलिन जेवणाआधी सुमारे अर्धा तास घ्यायला सांगतात ते याचसाठी. पोटावर टोचले तर ते लवकर शोषले जाते, दंडावर थोडे सावकाश, मांडीत व नितंबात आणखी हळू. टोचलेली जागा चोळली, शेकली किंवा सुई स्नायूत गेली, तर हा वेग वाढतो आणि साखर अचानक उतरू शकते.

खरा घोटाळा होतो तो त्याच त्या जागी टोचत राहिल्याने. इन्सुलिन चरबीच्या पेशी वाढवते, त्यामुळे तिथे मऊ, रबरासारख्या गाठी तयार होतात. तिथे टोचले की दुखते कमी, म्हणून रुग्णाचा हात पुन्हा तिकडेच वळतो. पण गाठीतून इन्सुलिनचे शोषण कमी होते, शिवाय रोज वेगवेगळे होते. स्पेनमध्ये 2013 साली प्रसिद्ध झालेल्या, 430 रुग्णांच्या अभ्यासात जवळपास दोन तृतीयांश रुग्णांना अशा गाठी आढळल्या. जागा नीट बदलणाऱ्यांत हे प्रमाण फक्त 5 टक्के होते. एवढी तफावत असताना डोस वाढवणे हा पहिला उपाय असू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

यावर डॉक्टर म्हणतील, गर्दीच्या ओपीडीत एवढा वेळ कुठे असतो? पण गाठी बोटांनी चाचपायला एखादे मिनिट पुरते, आणि फसलेल्या डोसमागे धावण्यात त्याहून कितीतरी जास्त वेळ जातो. नवी, महागडी इन्सुलिन आल्यावर हा प्रश्न उरणार नाही, असेही कुणी म्हणेल. तीही त्वचेखालीच टोचायची असतात. गाठीचा अडथळा त्यांनाही चुकत नाही. सुईच्या खर्चाचा आक्षेप मात्र खरा आहे. परवडत नाही म्हणून एकच सुई अनेकदा वापरली जाते आणि गाठींचा धोका वाढतो. यात रुग्णाला दोष देणे अन्यायाचे आहे. सरकारी रुग्णालयांतून इन्सुलिनबरोबर पुरेशा सुयाही मोफत मिळायला हव्यात. त्या लांब असण्याचीही गरज नाही: प्रौढांची त्वचा, माणूस लठ्ठ असो वा बारीक, साधारण 2 मिलिमीटरच जाड असते, त्यामुळे इन्सुलिन पेनची 4 मिलिमीटरची सुई जवळपास सर्वांना पुरते.

एक धोका मात्र ध्यानात ठेवायला हवा. गाठीत टोचण्याची सवय असलेल्या रुग्णाने तोच डोस निरोगी जागी घेतला, तर इन्सुलिन पूर्ण शोषले जाऊन साखर धोकादायक पातळीपर्यंत घसरू शकते. म्हणून जागा बदलताना डोस किती कमी करायचा हे डॉक्टरांना विचारूनच ठरवावे आणि साखर वरचेवर तपासावी. पुढच्या भेटीत डॉक्टर स्वतःहून पाहत नसतील, तर इंजेक्शनच्या जागा आपणच त्यांना दाखवा आणि हाताने तपासून घ्या.